उंदरांचा सोरायसिस सहा दिवसांत बरा? नॅनो मलम, आमची आत्या आणि लेकीचा प्रोजेक्ट

रावपुराकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या एकाच विषयावर दोन बाजूंनी काळजी चालू आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो.

माझ्या आत्याला कित्येक वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, डोक्याची त्वचा, आणि थंडी पडली की पाठसुद्धा. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, ठरावीक काळाने रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं, हे चक्र चालूच. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मजकूर आला: 'नॅनो कणांच्या मलमाने उंदरांचा सोरायसिस सहा दिवसांत बरा.' तेव्हापासून रोज एकच प्रश्न, "हे मलम मिळेपर्यंत गोळ्या थांबवू का रे?"

दुसरी बाजू म्हणजे माझी मुलगी. ती इथेच बडोद्यात एम.फार्म. करते, आणि तिच्या प्रोजेक्टचा विषय जवळजवळ हाच आहे. मेथोट्रेक्सेट लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाच्या, अतिसूक्ष्म नॅनोकणांत भरून जेल करायचं आणि उंदरांवर तपासायचं. जेल करण्याचं काम ती आवडीने करते. पण आता ॲनिमल हाऊसमध्ये जायची वेळ आली आहे आणि तिचं जेवणात लक्ष नाही. आत्या म्हणते, "माझ्यासाठी जिवांना त्रास नको." मुलगी म्हणते, "आत्याआजी, तुझी गोळीसुद्धा कुणावर तरी तपासूनच आली आहे."

मी बँकेतला माणूस. उंदराला सोरायसिस होतो कुठून, तो बरा झाला हे ठरवतात कसं, आणि हे सगळं उंदरांशिवाय होऊ शकतं का, एवढं मला कुणी समजेल असं सांगेल का?

त्वचावैद्य

बाकीचं नंतर. आधी आत्याबाईंना सांगा, गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत. आजार पुन्हा उसळला की तो आटोक्यात आणायला आधीपेक्षा जास्त औषध लागू शकतं. रक्ततपासणीचा कंटाळा येत असेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, पर्याय असतात. आणि गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारीच, हे घरातल्या आणखी एकाला पाठ असू द्या. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

फ्रान्झसेल

मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

उंदराला आपोआप सोरायसिस होत नाही. तो आणावा लागतो. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत २००९ साली रॉटरडॅमच्या संशोधकांनी मांडली. इमिक्विमोड नावाचं ५ टक्क्यांचं क्रीम माणसांत चामखिळींसारख्या तक्रारींवर वापरतात. ते लावलेल्या काही रुग्णांत सोरायसिस उफाळल्याचं डॉक्टरांनी पाहिलं होतं. मग हेच क्रीम उंदराच्या केस काढलेल्या पाठीवर आणि कानावर रोज ६२.५ मिलिग्रॅम असं पाच-सहा दिवस लावलं. दोन-तीन दिवसांत त्वचा लाल होते, जाड होते, पापुद्रे सुटतात. लाली, पापुद्रे आणि जाडी यांना प्रत्येकी ० ते ४ गुण द्यायचे, म्हणजे एकूण १२ पैकी. शेवटी त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि प्लीहेचं वजनही करतात, कारण तीसुद्धा सुजते.

ही पद्धत रुजली यामागे ठोस कारण आहे. या सुजेत आयएल-२३ आणि आयएल-१७ ही प्रतिकारशक्तीची रसायनं मुख्य काम करतात, आणि माणसाच्या सोरायसिसमध्येही तीच मध्यवर्ती आहेत. आयएल-१७ ला अडवणारं सेक्युकिनुमॅब २०१५ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी मंजूर झालं, आणि आज त्या वर्गातली औषधं कित्येकांचं आयुष्य बदलत आहेत. तेव्हा उंदरावरच्या कामाला काही अर्थ नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

पण रावपुराकर, तुमच्या मजकुरातले 'सहा दिवस' नीट बघा. क्रीम लावणं बंद केलं की उंदराची सूज औषधाशिवायही हळूहळू उतरते. आत्यांचा आजार वर्षानुवर्षांचा आहे, दबतो आणि परत येतो. उंदरात दिसतो तो तीव्र दाहाचा एक तुकडा. तो लवकर शमला एवढंच त्या प्रयोगातून कळतं. 'सोरायसिस बरा झाला' हे त्यातून निघत नाही.

आता नॅनो कशासाठी. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा, साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा. विटांची भिंत आणि विटांमध्ये चरबीचा गिलावा, अशी त्याची रचना. ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा जात नाही, हा नियम २००० साली मांडला गेला. सोरायसिसवरचंच दुसरं औषध सायक्लोस्पोरिन सुमारे १२०० डाल्टनचं, ते अडकतं. मेथोट्रेक्सेट ४५४ चं, म्हणजे वजनात बसतं, पण ते पाण्याकडे ओढ असलेलं आणि विद्युतभारित, त्यामुळे चरबीच्या गिलाव्यातून सरकत नाही. ते लिपिडच्या कणात भरलं तर वरच्या थरात आणि केसांच्या मुळांशी औषधाचा साठा होईल, तिथून हळूहळू झिरपेल, आणि गोळीसारखं लिव्हरपर्यंत फार जाणार नाही, अशी ही आशा आहे. आशा योग्य आहे, म्हणून जगभर लोक यावर काम करतात.

अडचण केसांच्या मुळांशीच येते. उंदराची पाठ दाट केसांची. तिथल्या बाह्यत्वचेत जिवंत पेशींचे दोन-तीन थर, माणसात पाच ते दहा. उंदराच्या त्वचेतून औषध सहज आत जातं, आपल्या कोपरावरच्या जाड चट्ट्यातून तसं जात नाही. नॅनोकण केसांच्या छिद्रांत छान साठतात हे खरं, पण छिद्रंच इतकी जास्त असतील तर आत गेलेल्या औषधाचा आकडा फुगणारच.

कमाटीबाग

वरची माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट सगळे सहज ओलांडून जाताहेत. निरोगी जिवाला मुद्दाम आजारी करायचं, पाठ सोलल्यासारखी होईपर्यंत क्रीम चोळायचं आणि शेवटी मारायचं. रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांसाठी मी वर्षानुवर्षं धावतो आहे. प्राण्याला खाज किती छळते हे मी जवळून बघितलं आहे. या उंदरांना वेदनाशामक तरी देतात का? आणि एवढं करून निष्कर्ष 'माणसात काय होईल सांगता येत नाही' असा असेल तर हे करायचं कशाला? आत्याबाई जे म्हणाल्या ते हसण्यावारी नेऊ नका.

फ्रान्झसेल

@कमाटीबाग, कुणीच हसण्यावारी नेत नाही. तुमचा प्रश्न प्रत्येक प्रयोगाच्या आधी विचारला गेला पाहिजे, आणि कायद्याने तो विचारणं बंधनकारक आहे.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम यांनुसार प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी-नैतिकता समिती असते. तिच्यात पशुवैद्य असतो, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ असतो, विज्ञानक्षेत्राबाहेरची एक समाजाभिमुख व्यक्ती असते, आणि केंद्राच्या समितीने, म्हणजे पूर्वीच्या सीपीसीएसईए आणि आताच्या सीसीएसईएने, नेमलेला प्रतिनिधी असतो. फॉर्म बी, म्हणजे मंजुरीसाठीचा अर्ज, भरताना किती प्राणी, कशासाठी, इतकेच का, त्रास कमी कसा करणार, शेवट कसा करणार, हे सगळं लिहावं लागतं. मंजुरीआधी एकाही उंदराला हात लावता येत नाही.

वेदनाशामकाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. दाह कमी करणारी बरीच औषधं इथे देता येत नाहीत, कारण मोजायचा आहे तो दाहच. म्हणून बाकीच्या गोष्टी कसोशीने पाळायच्या असतात. रोज वजन करायचं. वजन ठरलेल्या मर्यादेपलीकडे उतरलं, बहुतेक ठिकाणी २० टक्के, तर त्या प्राण्याचा प्रयोग तिथेच संपवायचा. हे क्रीम लावलेल्या उंदरांच्या अंगातलं पाणी कमी होतं, ते अंग चाटतात तेव्हा क्रीम पोटातही जातं, म्हणून काही ठिकाणी त्यांना सलाइन टोचतात. मऊ बिछायत, आधी आठवडाभर नव्या जागेत रुळू देणं, रोज तोच हात. घाबरलेल्या प्राण्याचा दाहसुद्धा वेगळा येतो, त्यामुळे निगा आणि विज्ञान इथे एकाच बाजूला आहेत.

'कशाला करायचं' यावर माझं मत स्पष्ट आहे. नीट आखलेला प्रयोग असेल तर करावा. ढिसाळ आखलेला असेल तर तो उंदरांवरही अन्याय आणि रुग्णांवरही. आणि मी वाचते त्यातले बरेच प्रयोग ढिसाळ असतात. आज इमिक्विमोड लावायला सुरुवात, आजच नॅनो जेलही सुरू. मग आजार बरा केला की होऊच दिला नाही, हे कळणार कसं? काही ठिकाणी तर एकावर एक चोपडतात. जेलच्या थरामुळे इमिक्विमोडच आत कमी गेलं तर उंदीर छान दिसणारच. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर हवं. शिवाय औषध नसलेलं नुसतं नॅनो जेल लावलेला गट हवाच, कारण नुसत्या तेलकट लेपानेही पापुद्रे बसतात. गुण देणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसावं. एवढी पथ्यं पाळली नाहीत तर तीस उंदीर गेले आणि हाती फक्त एक देखणा आलेख राहिला, असं होतं.

निवृत्त_केमिस्ट

बडोद्यात औषधनिर्मितीची परंपरा जुनी. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये इथे अलेम्बिक सुरू केली, पुढे साराभाई आली, आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांची चूल या कारखान्यांवर पेटली. मी एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो.

त्या काळी मलम म्हटलं की सशाच्या पाठीवर चाचणी ठरलेली. केस कापायचे, मलम लावायचं, पट्टी बांधायची, लाली मोजायची. आता पुष्कळ बदल झाला आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ मध्ये बंद झाली. त्वचेला चुरचुरतं का हे बघायला प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी बाह्यत्वचा वापरायची पद्धत जगभर मान्य आहे. २०२३ मध्ये आपल्या नव्या औषधांच्या नियमांतही दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी अशा पर्यायी चाचण्यांना जागा मिळाली. कमाटीबाग यांना हे ऐकून थोडं बरं वाटेल.

माझा मुद्दा मात्र वेगळा. उंदरावर चाललेलं जेल बाटलीत टिकतं का, हे कोण बघतं? सहा महिने ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता यांत ठेवून तपासायची पद्धत आहे. आपला मे महिना आठवा. घन लिपिडचे कण ठेवता ठेवता आतून घट्ट स्फटिक होतात आणि पोटातलं औषध बाहेर ढकलतात. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. आज १५० नॅनोमीटर, तीन महिन्यांनी किती? प्रबंधात पहिल्या दिवसाचा आकडा असतो, रुग्णाच्या हातात ट्यूब येते ती वर्षभराने. लेकीला सांगा, जेलचा थोडा भाग बाजूला ठेव आणि दर महिन्याला मोज. त्याला एकही उंदीर लागत नाही.

आठवड्याची_गोळी

मी रुग्ण आहे. कॉलेजात असताना सुरू झालं, अजून आहे. आत्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला आतून कळतं. लग्नाच्या पंगतीत शेजारची खुर्ची रिकामी राहते. लांब बाह्यांचे कपडे उन्हाळ्यातही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे किती जणांना आणि किती वेळा सांगायचं? अशा वेळी 'सहा दिवसांत बरा' हे तीन शब्द वाचले की डोकं बाजूला राहतं आणि मन धावत सुटतं.

एका ओळखीच्या माणसाकडून मी 'नॅनो हर्बल' म्हणून एक डबी घेतली होती. लेबलवर घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही. लावल्यावर चट्टे झपाट्याने गेले. बंद केल्यावर दुपटीने आले आणि मांडीची त्वचा पातळ होऊन तिथे रेषा उमटल्या, त्या कायमच्या. माझ्या डॉक्टरांच्या मते त्यात तीव्र स्टिरॉइड होतं.

रावपुराकर, तुमच्या मुलीला माझ्याकडून सांगा की तिच्या कामाची आम्हाला गरज आहे. पोटात न जाता कोपरापुरतं काम करणारं मेथोट्रेक्सेट मिळालं तर मी पहिली रांगेत उभी राहीन. फक्त खरं जेवढं निघेल तेवढंच लिही म्हणावं. जेलने काही फरक पडला नाही असं निघालं तर तेही लिही.

त्वचावैद्य

वरचा अनुभव मी ओपीडीत सतत बघतो, आणि तो सोरायसिसपुरता नाही. नवरात्र संपली की गरबा खेळून आलेली मुलंमुली गजकर्ण घेऊन येतात. घाम, घट्ट कपडे, आणि त्यावर दुकानातून आणलेलं तिहेरी मलम, म्हणजे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी, जिच्यावर नेहमीचं बुरशीनाशक टर्बिनाफिन अनेकदा चालत नाही, ती आता भारताबाहेरही पोचली आहे. म्हणून ट्यूबवर काय लिहिलं आहे ते बघण्याची सवय सगळ्यांनाच हवी.

'नॅनो' हा शब्द म्हणजे मंजुरी नव्हे. नॅनो औषधांची सुरक्षितता आणि परिणाम कसे तपासायचे, याची मार्गदर्शक तत्त्वं भारत सरकारने २०१९ मध्ये काढली आहेत. कणांचा आकार बदलला तर शरीरातलं वर्तन बदलतं, म्हणून जुनं औषध नव्या कणात भरलं तरी ते बऱ्याच अंगांनी नव्याने तपासावं लागतं. त्यातही लिपिडचे कण शरीरात विरघळून जातात, चांदीसारख्या धातूच्या कणांचं तसं नाही. सोरायसिसची त्वचा जाड दिसली तरी गळकी असते, त्यामुळे रक्तात, लिव्हरमध्ये किती गेलं हे मोजायलाच हवं.

आशेला जागा आहे हेही सांगतो. लिपिड कणांतलं अँफोटेरिसिन हे बुरशीनाशक जेलच्या रूपात भारतात मिळतं आणि मी ते काही रुग्णांना देतो. म्हणजे प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची वाट बंद नाही, पण तिला वर्षं लागतात. तोवर आत्याबाईंनी आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा साधं मॉइश्चरायझर भरपूर लावावं. स्वस्त आहे, आणि थंडीत त्याने खरंच फरक पडतो.

एमफार्म_बडोदा

बाबांनी हा धागा मला वाचायला दिला. मीच ती मुलगी. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल गाइडना भेटले. माझ्या आराखड्यात जेल पहिल्या दिवसापासून होतं आणि औषधाशिवायच्या जेलचा गट नव्हता. फ्रान्झसेल ताईंनी लिहिलेले मुद्दे त्यांच्यासमोर ठेवले. ते म्हणाले, समितीकडे अर्ज अजून गेलेला नाही, बदलता येईल. आता चौथ्या दिवसापासून जेल सुरू करायचं आणि नुसत्या जेलचा गट घालायचा असं ठरतंय. पण त्याने उंदरांची संख्या वाढते. माझ्या मनाला तेच लागून राहिलं आहे. आजारी न केलेला, उपचाराविना, नुसतं जेल, साधं मेथोट्रेक्सेट जेल, नॅनो जेल आणि बाजारातलं क्रीम. सहा गट, प्रत्येकी सहा. यातलं काही कमी करता येईल का?

कमाटीबाग काका, तुम्हाला आणि आत्याआजीला माझं एकच सांगणं आहे. मी हे काम सोडणार नाही, पण त्या उंदरांचं वजन, पाणी, बिछायत दुसऱ्या कुणावर सोपवणार नाही. रोज मीच बघेन.

कमाटीबाग

बेटा, माझा विरोध कायम आहे, आणि तरीही तुझ्याबद्दल आदर वाटला. शक्य असेल तिथे संख्या कमी कर, एवढंच मागतो.

फ्रान्झसेल

@एमफार्म_बडोदा, संख्या कमी करायची खरी जागा प्रयोगाच्या आधी आहे. तुझ्याकडे आत्ता किती फॉर्म्युलेशन आहेत? तीन-चार असतील तर त्यांतलं एकच उंदरापर्यंत जाऊ दे. निवड फ्रान्झ सेलमध्ये, म्हणजे त्वचेतून औषध किती पार जातं ते मोजायच्या काचेच्या उपकरणात, कर. त्यासाठी डुकराच्या कानाची त्वचा कत्तलखान्यातून मिळते. जाडी आणि केसांची विरळता या दोन्ही बाबतींत ती माणसाच्या बरीच जवळ जाते, आणि त्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. २४ तासांनी त्वचेचे थर चिकटपट्टीने एकेक करून उचल आणि कुठल्या थरात किती औषध राहिलं ते मोज. खालच्या द्रवात जास्त गेलं म्हणजे जेल चांगलं असं समजू नकोस. तुला औषध त्वचेत राहायला हवं आहे, रक्तात जायला नको.

बाजारातल्या क्रीमचा गट मला अनावश्यक वाटतो. तुझा प्रश्न नॅनोकणांमुळे मेथोट्रेक्सेट जास्त चालतं का, हा आहे. त्याचं उत्तर साधं जेल आणि नॅनो जेल यांच्या तुलनेत मिळतं. तो गट काढलास तर सहा उंदीर तिथेच वाचतात. नुसत्या जेलचा गट मात्र कितीही मोह झाला तरी काढू नकोस. प्रत्येकी सहा हा आकडाही 'सगळे घेतात म्हणून' नको. आधीच्या कामातला फरक आणि विखुरणी घेऊन सांख्यिकीच्या माणसाकडून गणित करून घे. समिती तेच विचारेल.

आणि अर्जात एक ओळ आधीच लिहून ठेव: डुकराच्या त्वचेत नॅनो जेल साध्या जेलपेक्षा सरस ठरलं नाही, तर प्राण्यांवरचा टप्पा होणार नाही.

रावपुराकर

आत्याला धागा वाचून दाखवला. गोळ्या चालू आहेत, पुढच्या आठवड्यात रक्त तपासायला मीच घेऊन जातोय. तिचा एक प्रश्न त्वचावैद्य यांना: डोक्याच्या त्वचेवर पेट्रोलियम जेली चिकट होते, तिथे खोबरेल चालेल का?

त्वचावैद्य

चालेल. रात्री कोमट करून लावा, खवले मऊ झाले की सकाळी हलक्या हाताने धुवा, फणीने ओरबाडून काढू नका. चिघळलं किंवा पाणी सुटलं तर तेल थांबवून दाखवायला घेऊन या.